भर दुपारी वाचलेली भीती

मी एका पाळकाची बायको आहे, आणि मला सैतानाच्या, पछाडलेल्या घरांच्या, दारावर थाप मारून नाहीशा होणाऱ्या हातांच्या गोष्टी वाचायला फार आवडतात. हे लिहिताना आजही माझी मान आपोआप खाली जाते. आमच्या मंडळीतल्या बहिणी साक्ष देतात तेव्हा ती एखाद्या प्रार्थनेपासून, एखाद्या उपासापासून, नाहीतर स्वप्नात ऐकलेल्या हाकेपासून सुरू होते. माझी साक्ष सीताबर्डीच्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगापासून सुरू होते. दुसरीकडून कुठून सुरू करता आली असती तर मी केली असती. मनातल्या मनात पुष्कळदा करूनही पाहिली. पण मग ती माझी राहत नाही, आणि प्रभूचीही राहत नाही.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही तेव्हा नागपुरात मिशनच्या आवारातल्या एका कौलारू बंगलीत राहत होतो. हे, मी आणि आमची शांता. शांता चौथीत होती. मी मिशनच्या शाळेत खालच्या वर्गांना इंग्रजी शिकवत असे आणि रविवारी लहान मुलांना शास्त्रातल्या गोष्टी सांगत असे. आमच्या आवारात वर्षानुवर्षं राहिलेल्या एक परदेशी मिसबाई म्हातारपणी आपल्या देशी परत गेल्या, तेव्हा त्यांची पुस्तकं वाचनखोलीत लावायचं काम माझ्याकडे आलं. वरती प्रवचनं होती, गीतांची पुस्तकं होती. पेटीच्या तळाशी मात्र पातळ पुठ्ठ्याच्या काही कादंबऱ्या निघाल्या. मुखपृष्ठावर काळं घर, उघडं दार, दारात कुणाचीतरी लांब सावली. त्या वयस्क, कडक बाईंनी या का जपून ठेवल्या असतील, याचं मला त्या दिवशी नवल वाटलं. पहिली कादंबरी मी नुसती चाळायला घेतली आणि शाळेची घंटा झाली तरी मला ऐकू आली नाही.

वरवर पाहिलं तर त्या धार्मिकच होत्या. प्रत्येकीत एक पाद्री, एक कुटुंब, घरात शिरलेलं काहीतरी वाईट, आणि शेवटी प्रार्थनेपुढे त्याचा पराभव. म्हणून मी स्वतःला सांगत असे की हे एक प्रकारचं भक्तीचंच वाचन आहे. पण ते खोटं होतं. प्रार्थना कुठे आहे ते पाहायला मी ती पानं उलटत नव्हते. मी भिण्यासाठी वाचत होते. पोटात गोळा यावा, अंगावर काटा यावा, आणि मग शेवटच्या पानांवर कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं मोकळं वाटावं, यासाठी. पेटीतली पुस्तकं संपली तशी मी सीताबर्डीवर शोध घेऊ लागले. व्हरायटी चौकाजवळ फुटपाथवर एक जण जुनी इंग्रजी पुस्तकं मांडून बसत असे. वाचून परत केलं की बदल्यात दुसरं देई. मी शांताच्या वह्यांना घालतात तसं खाकी कव्हर त्या पुस्तकांना घाली आणि पदराआड घरी आणी.

लोक असल्या गोष्टी काळोखात वाचतात म्हणे. मी भर दुपारी वाचत असे. नागपूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना ठाऊक आहे, जेवणं झाली की रस्त्यावर चिटपाखरू नसतं. हे लोकांच्या घरी भेटींना गेलेले, शांता झोपलेली, खिडकीला वाळ्याचा ओला पडदा. त्या थंड, हिरवट अंधारात मी खाटेवर पालथी पडून दुसऱ्या कुठल्या देशातल्या बर्फाळ गावातलं भूत वाचत असे. फाटकाचा आवाज आला की पुस्तक उशीखाली जाई.

एका रविवारी यांनी उपदेशात याच विषयाला हात घातला. तरुण मुलं हल्ली काय वाचतात, काय पाहतात, याबद्दल बोलता बोलता म्हणाले की ज्या मनात आपण रोज हौसेनं अंधार भरतो, त्यात उजेडाला जागा कुठून राहणार? त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. त्यांना माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं. मी पहिल्या बाकावर, पांढरी साडी नेसून, हात जोडून बसले होते आणि माझे कान तापले होते. उपासनेनंतर एक बाई मला म्हणाल्या, "पाळकीणबाई, आज किती गरजेचं बोलले हो पाळकसाहेब." मी हो म्हणाले. घरी येऊन उशीखालचं पुस्तक परत करायचं ठरवलं, आणि परत करण्याआधी तेवढं संपवून टाकू म्हणून दुपारी उघडून बसले.

त्याच सुमाराला आंघोळ करताना डाव्या छातीत मला गाठ लागली. चण्याएवढी असेल. मी साबणाचा हात तसाच पुढे नेला, जणू काही लागलंच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचपली. होती. मग रोज चाचपू लागले आणि रोज ती असे.

मी कुणालाही सांगितलं नाही. आता कुणी विचारलं की का, तर धड उत्तर देता येत नाही. आवारात डॉक्टरांची ओळख होती, नवरा समजूतदार होता, मी शिकलेली होते. पण ते शब्द तोंडातून निघत नव्हते. आमच्या आईनं आम्हाला शरीराच्या त्या भागाचं नावसुद्धा घ्यायला शिकवलं नव्हतं. आणि त्याहून खोल एक लाज होती. रविवारच्या शब्बाथशाळेत मुलांना मी शिकवत असे की प्रभू सोबत असला की भिऊ नये. इथे मी एवढी भ्याले होते की प्रार्थनेला गुडघे टेकले तरी एक वाक्य सुचेना. देवाला सांगावं तर तो ऐकून "होय, तेच आहे" म्हणेल, अशी धास्ती. म्हणून मी देवाशीही इतरच गोष्टी बोलत राहिले. यांच्या खोकल्याबद्दल, शांताच्या परीक्षेबद्दल.

आणि माझं वाचन वाढलं. त्याचं कारण त्या वेळी मला कळलं नव्हतं, आता कळतं. त्या कादंबऱ्यांतल्या वाईटाला तोंड होतं, आवाज होता. ते दारावर येऊन उभं राही, कुणीतरी त्याला नाव विचारी, आणि नाव कळलं की त्याचा जोर ओसरू लागे. माझ्या गाठीला तोंड नव्हतं. ती काही बोलत नव्हती, नुसती हळूहळू मोठी होत होती. स्वतःच्या भीतीकडे पाहायची हिंमत नव्हती, म्हणून मी दुसऱ्याची भीती मागून आणून तिच्यात डोकं खुपसून बसत होते. तिथे भिता येत होतं आणि त्याचा शेवटही होत होता.

चण्याची सुपारी झाली. डावा हात वर केला की काखेत ओढ लागू लागली. फळ्यावर वर लिहायचं असलं की मी मुलींना उठवी.

याच दिवसांत ते पुस्तक हाती आलं. गोठलेल्या तळ्याकाठी एक घर, त्यात एकटा राहणारा एक म्हातारा पाद्री. बायको मेल्यापासून त्याचा विश्वास उडालेला आहे, पण तो कुणाला सांगत नाही. दर रविवारी उपदेश करतो आणि घरी येऊन दिवा न लावता बसतो. थंडी वाढते तसं कुणीतरी रोज त्याच्या दाराशी येतं आणि त्याच्या मेलेल्या बायकोच्या आवाजात आत घे म्हणतं. तो दार उघडत नाही, आणि कुणाला हाकही मारत नाही, कारण हाक मारली तर गावाला कळेल की पाद्रीच घाबरलाय. शेवटी दाराची खिट्टी आपोआप सरकू लागते, तो गुडघ्यांवर येतो, तोंड उघडतो, पण इतकी वर्षं लोकांना शिकवलेली एकही प्रार्थना त्याला आठवत नाही. मी पान उलटलं. पुढे पानंच नव्हती. कुणीतरी शेवटचा भाग फाडून नेला होता, किंवा शिलाई सुटून तो गळून पडला होता. नुसता पुठ्ठा.

मला रडू फुटलं. गाठ लागली तेव्हा मी रडले नव्हते, ती वाढली तेव्हा रडले नव्हते. त्या पुठ्ठ्याकडे बघून मात्र उशीत तोंड घालून रडले.

दुसऱ्या दिवशी उन्हातच मी सीताबर्डी गाठली. पुस्तकवाल्याशी मी त्या दिवशी भांडले, हे सांगायलाही लाज वाटते. मी म्हटलं, असलं अर्धवट पुस्तक लोकांना देताच कसं, शेवट कुठे आहे याचा? तो बिचारा म्हणत होता, बाई, मी वाचतो थोडाच, बदलून दुसरं घ्या. पण मला दुसरं नको होतं. माझा आवाज चढला तशी ढिगाशी वाकून पुस्तकं चाळणारी एक बाई उभी राहिली. साठीच्या आसपासची, ठेंगणी, सुती साडी, डोळ्यांवर जाड चष्मा, गालात सुपारी. तिनं माझ्या हातातल्या पुस्तकाचं खाकी कव्हर सरळ काढून आतलं चित्र पाहिलं.

"थे तळ्याकाठचं घर काय," ती म्हणाली. "मले माहीत आहे याचा शेवट. चाल, उसाचा रस पिऊ. इथं उन्हात काहून तडतडतेस?"

अनोळखी माणसाबरोबर मी कधी रस्त्यावर काही प्यायले नव्हते. पण मला तो शेवट हवा होता. समोरच्या रसवंतीत पत्र्याखाली आम्ही बाकावर बसलो. तिचं नाव इंदूताई. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागल्या, मेट्रन होऊन निवृत्त झाल्या. नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं, धंतोलीच्या एका गल्लीत दोन खोल्या होत्या. घरात देव्हारा, गुरुवारचा उपास, आणि वाचायला ही पाद्र्यांची भुतं. मी कोण ते सांगितल्यावर त्या खुदकन हसल्या. मी ओशाळून विचारलं की तुम्ही तर हिंदू, मग या गोष्टी तुम्हाला कशा आवडतात? त्यांनी गालातली सुपारी दुसऱ्या बाजूला घेतली. आमच्या गावाकडच्या गोष्टींतलं भूत चिंचेवरून उतरतं, माणूस नेतं आणि परत चिंचेवर जाऊन बसतं, असं त्या म्हणाल्या. वॉर्डात आयुष्यभर त्यांनी तेच पाहिलं होतं. काहीतरी यायचं आणि माणूस घेऊन जायचं. या पुस्तकांत निदान कुणीतरी त्याच्यापुढे उभं राहतं. घरी एकट्या बसून तेवढं वाचलं की त्यांना जेवण जात असे.

मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या. गोष्टीचा शेवट सांगेनात. मी ग्लास उजव्या हातात धरला होता आणि डावा हात अंगाशी घट्ट लावून बसले होते, हे मला तेव्हा ठाऊकही नव्हतं.

"हात असा अंगाले लावून काहून बसली वं?" त्यांनी हळूच विचारलं.

मी म्हटलं, काही नाही, सवय आहे. रसवंतीचा चरक घुंगरं वाजवत फिरत होता. मी दुसऱ्यांदा काही नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्याऐवजी म्हणाले, "गाठ आहे."

एवढे दोनच शब्द. जे नवऱ्याला सांगितले नाहीत, देवाला सांगितले नाहीत, ते नाव विचारून पुरता अर्धा तास न झालेल्या बाईला फुटपाथवरच्या बाकावर सांगितले. मला इतकी लाज वाटली की उठून निघून जावंसं वाटलं. इंदूताईंनी माझं मनगट धरलं आणि ग्लास संपव म्हणाल्या.

त्या मला आपल्या घरी घेऊन गेल्या. दार लावून, हात धुऊन त्यांनी बोटांनी तपासलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. इतक्या वर्षांचा सराव. मी छताकडे बघत विचारलं की हे वाईट आहे का. त्या म्हणाल्या, ते सांगणारी मी कोण? मी म्हटलं, मला देवापुढे हे सांगताच आलं नाही, आता तो माझं काय ऐकेल? तेव्हा त्यांनी माझ्या पदराची घडी नीट केली आणि म्हणाल्या, "देवाचं काम देव पाहीन. तुले काय सांगता येते नि काय नाही, त्याच्यावर तो थोडाच थांबून राहिला. तू फक्त उद्या सकाळी रिक्षात बस."

त्या संध्याकाळी मी यांना सांगितलं. पुस्तकांपासून सुरुवात करावी लागली, कारण इंदूताई कुठे भेटल्या हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नव्हतं. हे पुस्तकांबद्दल काहीच बोलले नाहीत. गाठीचं ऐकून खुर्चीवर बसले ते बसलेच. मग म्हणाले, "आवारातल्या प्रत्येक आजाऱ्याच्या उशाशी मी जातो. तू माझ्याच घरात होतीस." यापेक्षा ते रागावले असते तर बरं झालं असतं.

सकाळी इंदूताई फाटकाशी रिक्षा घेऊन उभ्या होत्या. दवाखान्यात त्यांच्या हाताखाली शिकलेल्या नर्सेस होत्या, त्यामुळे रांगेत फार थांबावं लागलं नाही. सर्जननी तपासलं, तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि मग यांना बाजूला बोलावून सांगितलं की पूर्ण छाती काढावी लागेल, काखेतल्या गाठीही काढाव्या लागतील. आणखी थोडा उशीर झाला असता तर त्यांनी हातच लावला नसता. हे सगळं फार झपाट्यानं घडलं. मला जे करायचं ते एवढंच होतं की जिथे नेतील तिथे जायचं. ऑपरेशनच्या टेबलावर मला एकही प्रार्थना आठवली नाही. त्या पुस्तकातल्या म्हाताऱ्यासारखं माझं तोंड उघडं आणि आत काही नाही. एवढंच मनात आलं की माझ्याकडे तुला द्यायला शब्दसुद्धा नाहीत. आता तू आणि हे डॉक्टर काय ते बघा. आणि खरं सांगते, त्या क्षणी माझ्या अंगातली सगळी धडपड थांबली. असं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. औषधाचा गुण असेल म्हणा. मी वाद घालणार नाही.

शुद्धीवर आल्यावर दुखणं होतं, आणि डावीकडे सपाट पट्टी होती. पहिल्यांदा हात लागला तेव्हा मी तोंड भिंतीकडे केलं. इंदूताई रोज येत. एके दिवशी मी त्यांना म्हटलं, आता तरी त्या पाद्र्याचं काय झालं ते सांगा. त्या खाली बघून हसल्या. म्हणाल्या की त्यांनाही माहीत नाही. ते पुस्तक माझ्याआधी त्यांनीच नेलं होतं, तेव्हाही शेवटची पानं नव्हतीच. मग खोटं का बोललात, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, "फाटक्या पुस्तकासाठी कोनी एवढं रडकुंडीले येते काय? मले वाटलं, हिले बसवावं घडीभर." नंतर मंडळीतल्या काही जणी म्हणू लागल्या की ती बाई म्हणजे देवदूतच. देवदूत सुपारी खात असतील असं मला वाटत नाही. पण तिला त्या उन्हात त्या ढिगाशी कुणी वाकवलं, हे मी विचारत असते.

ऑपरेशननंतरचे किरणांचे शेक संपले, अंगात थोडी ताकद आली, तेव्हा बहिणींनी आग्रह धरला की पाळकीणबाईंनी साक्ष द्यावी. मी यांना म्हटलं की प्रभूनं एक अनोळखी बाई पाठवली, तिनं दवाखान्यात नेलं, एवढंच सांगते. हे म्हणाले, सगळं सांगायचं असेल तर उभी राहा, नाहीतर नुसती बसून आभार मान, तेही पुरे.

मी उभी राहिले. पुस्तकांचं सांगितलं, खाकी कव्हराचं सांगितलं, ज्या दिवशी हे उपदेश करत होते त्या दिवशी माझ्या उशीखाली काय होतं तेही सांगितलं. आणि मग, पुरुषमंडळी समोर बसलेली असताना, छातीत गाठ होती आणि लाजेनं मी ती लपवली, हे सांगितलं. माना खाली जाताना दिसत होत्या. कुणी आमेन म्हटलं नाही. उपासना सुटल्यावर लोक यांच्याशी हस्तांदोलन करून माझ्याकडे न बघता निघून गेले. मंडळीचे एक पंच होते, हिंगण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. ते थांबून यांना म्हणाले की बायामुलींसमोर आणि पुरुषांसमोर असलं बोलणं शोभत नाही, आणि ती पुस्तकांची गोष्ट तर नकोच होती. त्यांचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. घरी येऊन मी पडून राहिले. मनात एकच विचार, की मी प्रभूचंही हसं केलं आणि यांचंही.

त्या आठवड्यात एका दुपारी दारावर थाप पडली. दारात एक बाई उभी होती, डोक्यावरून पदर, पायांत टायरच्या चपला. त्या पंचांची भावजय, सुमनबाई. नरखेडकडच्या खेड्यात त्यांची संत्र्याची बाग होती. काही दिवसांसाठी दिराकडे आल्या होत्या आणि रविवारी मागच्या बाकावर बसल्या होत्या. मी पाणी दिलं. त्यांनी ते हातातच धरलं.

"ताई, थे पुस्तक पायजे होतं," त्या म्हणाल्या. "तुमी सांगतलं ना, थे."

मला वाटलं, दिरानं जाळायला मागवलं असेल. मी म्हटलं, ते इंग्रजीत आहे, तुम्ही वाचाल का? त्यांनी मान हलवली.

"मले वाचता नाई येत."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या दाराकडे बघत होत्या. मग मी उठून दार लावलं, खिट्टी घातली, आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. काही विचारावं लागलं नाही. त्यांनी माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला.

वर्षभर त्यांनी ती गाठ कुणाला दाखवली नव्हती. झाडांना पाणी देताना, मोटर चालू करताना, लेकीचं लग्न ठरवताना, आपण आता या लग्नापुरत्याच आहोत असं त्या धरून चालल्या होत्या. मी इंदूताईंना निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी एका रिक्षात आम्ही दोघी आणि मागच्या रिक्षात इंदूताई, असं दवाखान्यात गेलो. सुमनबाईंनी वाटभर माझा पदर मुठीत धरून ठेवला होता.

त्यांची गाठ साधी निघाली. छोटी चीर, चार टाके, घरी जा. सर्जन हसून म्हणाले, एवढ्यासाठी वर्षभर मरत होता होय? सुमनबाई आधी रडल्या, मग हसल्या, मग व्हरांड्यातच जमिनीला डोकं टेकवून प्रभूचे आभार मानू लागल्या. आणि मी खांबाला टेकून उभी होते आणि माझ्या मनात काय आलं ते लिहिल्याशिवाय ही साक्ष पुरी होत नाही. माझ्या मनात आलं की तिला साधी आणि मला ही का? मी तुझ्या घरची, पाळकाची बायको, माझी कापून घेतलीस आणि तिला तशीच परत धाडलीस? एका क्षणात इतका मत्सर उसळला की माझी मलाच शिसारी आली. भुताच्या कुठल्याही पुस्तकाला मी एवढी भ्याले नव्हते, जेवढी त्या क्षणी स्वतःच्या मनाला भ्याले.

इंदूताईंनी काहीतरी ओळखलं असावं. त्या माझ्याजवळ येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. खाली सुमनबाई अजून डोकं टेकवूनच होत्या. मी त्यांच्या शेजारी खाली बसले. शब्द याही वेळी नव्हते. मी मनात एवढंच म्हटलं की हा मत्सरही तूच घे, मला तो ठेवायला जागा नाही. तो लगेच गेला असं नाही. घरी पोचेपर्यंत थोडाथोडा होता. पण रिक्षात सुमनबाईंनी त्यांच्या बागेतली झाडं, लेकीचं सासर, सगळं बोलून दाखवलं, वर्षभर न बोललेलं, आणि ऐकता ऐकता मला हसू येऊ लागलं.

त्यानंतर बाया येत राहिल्या. दुपारच्याच वेळी, पुस्तक मागायला. काहींना खरंच पुस्तक हवं असे. त्यांना मी देते. मंडळीत आम्हा तिघी-चौघींची ही आवड आता उघड आहे आणि हे त्यावर हसतात. काहींना पुस्तक नको असतं, हे दारातच कळतं. अशांना मी आत घेऊन दार लावते. सगळ्यांच्या गाठी साध्या निघाल्या नाहीत. दोघींना आम्ही पुरलं. इंदूताईही गेल्या, त्यांच्या शेवटच्या आजारात मी त्यांना वाचून दाखवत असे, आणि शेवटचं पान आलं की त्या म्हणत, हळू वाच.

मला अजून लाज वाटते. छाती काढलेल्या बाईला आरशापुढे वाटते ती, आणि पाळकाच्या बायकोला सैतानाचं पुस्तक विकत घेताना वाटते तीही. ती जावी म्हणून पूर्वी मी फार मागत असे. आता मागत नाही. मला भक्तीच्या राजरस्त्यानं नेलं असतं तर मी ताठ मानेनं चालले असते, मला ठाऊक आहे. प्रभूनं मला शरमेच्या बोळातून नेलं. मान खाली होती म्हणून खाली बसलेली माणसं दिसली. त्यासाठी त्याचे आभार मानते, आणि जे वाचलं, जे लपवलं, जे कापून गेलं, ते सगळं त्याच्या हाती देऊन दार उघडं ठेवते.